स्मृती आणि ताण यांवर संशोधन करायचंय: एमएससी की एमए, मुंबई की बाहेर?

तुमचा प्रश्न असा आहे: टीवायबीएस्सीला प्राणिशास्त्र, घर डोंबिवलीला, स्मृती आणि ताण यांवर संशोधन करून पुढे स्वतःची प्रयोगशाळा असावी ही इच्छा. लाइफ सायन्सेसचं एमएससी करावं की सायकॉलॉजीचं एमए? हे सगळं मुंबईत राहून जमेल का? आणि घरचे ‘पगार कधी सुरू होणार’ म्हणून विचारतात, त्यांना काय सांगायचं? तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न राहून गेला आहे. स्मृती आणि ताण यांतलं नेमकं काय शोधायचं, आणि कोणाच्या मेंदूत? उंदराच्या, निरोगी माणसाच्या की रुग्णाच्या? याचं उत्तर निदान कच्चं तरी ठरल्याशिवाय पदवी निवडू नका. या एका विषयाच्या नावाखाली तीन वेगवेगळे व्यवसाय चालतात. त्यांच्या प्रवेशपरीक्षा वेगळ्या, रोजचं काम वेगळं आणि नोकऱ्याही वेगळ्या.

आधी थोडं विषयाबद्दल, कारण पुढचा सल्ला त्यावरच उभा आहे. १९५३ मध्ये एका तरुणाच्या अपस्मारावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस मोठ्या प्रमाणावर काढला गेला, आणि नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्याची क्षमता गेली. स्कोव्हिल आणि ब्रेन्डा मिल्नर यांनी १९५७ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. पुढे १९६८ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकईवेन यांना दिसलं, की रॅटच्या रक्तात सोडलेलं कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक याच हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन धरून राहतं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत तयार होणारं संप्रेरक थेट स्मृतीच्या जागी काम करतं, हे समजल्यावर हे क्षेत्र उभं राहिलं.

आपल्याकडचं सर्वांत महत्त्वाचं काम बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात (एनसीबीएस) सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटाने केलं. २००२ मध्ये त्यांनी दाखवलं, की रॅटला रोज २ तास असं १० दिवस जखडून ठेवलं, तर हिप्पोकॅम्पसच्या सीए-३ भागातल्या चेतापेशींच्या फांद्या आखडतात, पण भीतीशी निगडित अमिग्डालातल्या पेशींच्या फांद्या वाढतात. त्याच गटाच्या पुढच्या कामात, ताण थांबवून २१ दिवस गेल्यावर हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला, अमिग्डालातली वाढ मात्र तशीच राहिली. एकाच ताणाने एकाच मेंदूत दोन उलटे परिणाम. त्यामुळे ‘ताणाने स्मृती बिघडते’ हा संशोधनाचा प्रश्न होऊ शकत नाही; ते फार तर वर्तमानपत्राचं शीर्षक होईल.

यात वेळेचा मुद्दा येतो, आणि नवे लोक सगळ्यात जास्त इथेच घसरतात. डी क्वेर्व्हेन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये रॅटना पाण्यातली लपलेली जागा शिकवली आणि दुसऱ्या दिवशी आठवण तपासायच्या आधी पायांना विजेचा धक्का दिला. धक्का ३० मिनिटं आधी दिला तेव्हा आठवण बिघडली. २ मिनिटं किंवा ४ तास आधी दिला तेव्हा बिघडली नाही. उलट बाजूने, शिकून झाल्यावर लगेच आलेला ताण ती गोष्ट अनेकदा जास्त पक्की करतो. जेम्स मॅगॉ यांच्या गटाचं अनेक वर्षांचं काम यावरच आहे. म्हणून प्रश्न लिहिताना चार गोष्टी त्यात आल्याच पाहिजेत: कोणती स्मृती, तिचा कोणता टप्पा (शिकणं, पक्कं होणं की आठवणं), कोणता ताण, आणि दोघांत किती मिनिटांचं किंवा दिवसांचं अंतर. ‘परीक्षेच्या ताणाचा स्मरणशक्तीवर परिणाम’ अशा प्रस्तावाला मी पहिल्याच वाचनात बाजूला ठेवतो. ‘शब्दांची यादी पाठ केल्यावर २४ तासांनी, आठवण्याच्या २५ मिनिटं आधी दिलेल्या सामाजिक ताणाने भावनिक शब्द जास्त निसटतात की तटस्थ’, असं कोणी लिहून आणलं तर मी खुर्ची पुढे ओढतो.

आता तीन वाटा. निवड करताना ‘मला काय आवडतं’ यापेक्षा ‘पाच वर्षं रोज सकाळी उठून काय करायला मी तयार आहे’ असं विचारा.

पहिली वाट प्राण्यांवरच्या कामाची. इथे तुम्ही पेशी, जनुकं आणि मज्जामार्ग थेट पाहू शकता. रोजचं काम म्हणजे रॅट किंवा माऊस हाताळणं, शस्त्रक्रिया, मेंदूचे काप, रंगक्रिया आणि सूक्ष्मदर्शकासमोर तासन् तास मोजणी. वर्तनाचे प्रयोग वाटतात तितके सोपे नसतात. सर्वांत जास्त वापरला जातो तो फिअर कंडिशनिंगचा प्रयोग: एक आवाज ऐकवायचा, त्याच्या शेवटी पायांना हलका धक्का द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी नुसता आवाज ऐकवून प्राणी किती वेळ थिजून बसतो ते मोजायचं. ताण दिलेला गट जास्त थिजला म्हणून त्यांची भीतीची आठवण पक्की झाली, असा निष्कर्ष लगेच काढू नका. आवाज सुरू होण्याआधीच्या दोन-तीन मिनिटांत तो गट किती थिजलेला होता हे बघा. तेव्हाही जास्तच असेल, तर तुम्ही स्मृती मोजलेली नाही, सर्वसाधारण घाबरटपणा मोजला आहे.

पाण्याच्या भुलभुलैयातही, म्हणजे हौदात पोहत पाण्याखाली लपवलेला छोटा फलाट शोधायच्या प्रयोगातही, हीच गोम आहे. ताण दिलेला प्राणी फलाटापर्यंत उशिरा पोचला, कारण तो विसरला की कारण तो हळू पोहला? म्हणून पोहण्याचा वेग वेगळा मोजायचा आणि दिसणारा फलाट ठेवून एक चाचणी घ्यायचीच. पाणी साधारण २२ ते २५ अंशांवर ठेवतात. मुंबईत एप्रिल-मेमध्ये नळाला येणारं पाणी त्यापेक्षा गरम असतं. अशा कोमट पाण्यात प्राणी आरामात तरंगत राहतो, शोधायची त्याला घाई नसते. बर्फ टाकून पाणी फार गार केलं, तर तो गारवाच एक ताण होतो. पोहणं हाही एक ताणच आहे, त्यामुळे तुमचा ‘बिनताणाचा’ गट खरा बिनताणाचा नसतो, हे निबंध लिहिताना मान्य करावं लागतं.

प्राणिगृहात परिणाम बिघडवणाऱ्या बाकीच्या गोष्टी क्षुल्लक वाटतात. प्रयोगाआधी ३ ते ५ दिवस रोज त्याच माणसाने प्राणी हातात घेतला नसेल, तर हाताळणी हाच पहिल्या दिवसाचा ताण ठरतो. पुरुष प्रयोगकर्त्याच्या नुसत्या वासानेही उंदरांमध्ये ताणाची प्रतिक्रिया उमटते, हे २०१४ मध्ये दाखवलं गेलंय, म्हणून प्रयोगाच्या मध्यात माणूस बदलायचा नाही. रॅट आणि माऊस निशाचर आहेत. त्यांचं कॉर्टिकोस्टेरॉन अंधार सुरू होण्याच्या सुमारास सर्वाधिक असतं, आपलं कॉर्टिसॉल, म्हणजे माणसातलं ताणाचं संप्रेरक, सकाळी. त्यामुळे सकाळी १० चा नमुना आणि संध्याकाळी ५ चा नमुना एका तक्त्यात शेजारी बसू शकत नाहीत. आणि दहा दिवसांचा ताणाचा प्रयोग अनंत चतुर्दशीच्या किंवा दिवाळीच्या आठवड्यात सुरू करू नका. ढोल आणि फटाके नियंत्रित गटालाही ऐकू जातात, आणि मग दोन गटांतला फरक का पुसला गेला हे शोधत तुम्ही तीन महिने घालवता.

परवानग्यांना वेळ लागतो, तोही धरून चाला. प्राण्यांवरच्या प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते, आणि त्या समितीवर सीसीएसईए या केंद्राच्या प्राणिप्रयोग नियंत्रण समितीने नेमलेले सदस्य असतात. अर्जात किती प्राणी, का तेवढेच, वेदना कमी करायला काय करणार, शेवटी त्यांचं काय होणार हे सगळं लिहावं लागतं. प्राण्याला ताण देणं आणि शेवटी त्याचा मेंदू काढणं तुम्हाला जमणार नसेल, तर त्यात कमीपणा काही नाही. पण ते पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या अशा प्रयोगशाळेत काम केलंत की उत्तर मिळेल.

दुसरी वाट निरोगी माणसांवरच्या प्रयोगांची. इथला नेहमीचा ताण म्हणजे १९९३ मध्ये ट्रीअर विद्यापीठात किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली चाचणी. तयारीला थोडा वेळ, मग चेहऱ्यावर काहीही भाव न दाखवणाऱ्या परीक्षकांपुढे ५ मिनिटं भाषण, आणि लगेच ५ मिनिटं मोठ्याने वजाबाकी: १०२२ मधून १३, पुन्हा १३, पुन्हा १३. चुकलात की पहिल्यापासून. कॉर्टिसॉलचं शिखर ताण सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी लाळेत दिसतं, म्हणून लाळेचे निदान पाच नमुने घ्यावे लागतात: आधी, लगेच नंतर, आणि पुढे तासाभरात आणखी तीन. दुसरा स्वस्त पर्याय म्हणजे बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ठेवणं, जास्तीत जास्त ३ मिनिटं. त्यात हाताभोवतीचं पाणी लगेच कोमट होतं, म्हणून ते ढवळत ठेवायला छोटा पंप लावा आणि प्रत्येक माणसाआधी तापमान नोंदवा.

मुंबईत हे प्रयोग करताना विशेष अडचण म्हणजे येणारा माणूस. तो विरारहून सकाळच्या लोकलला लटकून दहा वाजता तुमच्या खोलीत आला, तर त्याचं कॉर्टिसॉल आधीच चढलेलं असणार, शिवाय सकाळी ते एरवीही झपाट्याने बदलत असतं. उपाय ठरलेला आहे: सत्रं दुपारी १ ते ५ मध्येच घ्या, आल्यावर अर्धा तास शांत बसवा, आणि तासभर आधीपासून चहा, वडापाव, सिगारेट बंद. मुलींना मासिक पाळीची तारीख आणि गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल विचारावंच लागतं, कारण गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये लाळेतल्या कॉर्टिसॉलची वाढ कमी दिसते. हा प्रश्न लाजेखातर गाळला की अर्धी आकडेवारी निरुपयोगी ठरते. रात्रपाळी करणारे, स्टेरॉइडचा पंप घेणारे दमेकरी आणि रोजे धरलेले सहभागी सुरुवातीलाच बाजूला काढा. वजाबाकी मराठीत करायची की इंग्रजीत हेही आधी ठरवा. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी आकडे लावले, तर ताणाबरोबर भाषेची अडचणही तुमच्या आकड्यांत शिरते.

संख्येचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून बघावा. दोन गटांत मध्यम फरक अपेक्षित असेल, म्हणजे प्रमाण विचलनाच्या (स्टँडर्ड डिव्हिएशन) अर्ध्याइतका, तर तो ८० टक्के शक्यतेने आणि ०.०५ च्या पातळीवर सापडायला प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. म्हणजे १२८. दुपारी दोनच सत्रं होतात, तेव्हा एकही माणूस न चुकता आला तरी ६४ दिवस. प्रत्यक्षात माणसं येत नाहीत, परीक्षा येतात, गणपती येतात, पावसात गाड्या बंद पडतात. सहा महिने सहज जातात. नमुने १२८ गुणिले ५ म्हणजे ६४०. कॉर्टिसॉलच्या ९६ खणांच्या प्लेटवर प्रमाणित द्रावणं बसवून, प्रत्येक नमुना दोनदा लावून ३८ च्या आसपास नमुने मावतात. एका माणसाचे सगळे नमुने एकाच प्लेटवर हवेत, म्हणून प्लेटमागे ७ माणसं, एकूण १९ प्लेट. प्रत्येक प्लेटवर दोन्ही गटांतली माणसं मिसळून ठेवा. एका प्लेटवर सगळा ताणाचा गट आणि दुसरीवर सगळा नियंत्रित गट ठेवला, तर प्लेटमधला फरक तुम्हाला ताणाचा परिणाम वाटेल, आणि तो नंतर कुठल्याही गणिताने वेगळा काढता येत नाही. पदव्युत्तर प्रबंधात २० माणसांवर असा अभ्यास करून ‘लक्षणीय फरक आढळला’ असं लिहिलेलं दिसतं. तो फरक बहुधा पुन्हा सापडत नाही.

तिसरी वाट रुग्णांची: आघातानंतरचा ताणविकार, नैराश्य, चिंता. इथे स्वतंत्रपणे काम करायला वैद्यकीय पदवी किंवा भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं क्लिनिकल सायकॉलॉजीचं प्रशिक्षण लागतं. प्राणिशास्त्राच्या पदवीवरून या वाटेला जायचं तर मनोविकारतज्ज्ञांच्या गटात संशोधक म्हणून सामील होणं हाच व्यवहार्य मार्ग. बंगळुरूचं निम्हान्स ही त्यासाठी देशातली मुख्य जागा.

आता एमएससी की एमए. पहिली वाट घ्यायची असेल तर लाइफ सायन्सेस, बायोटेक्नॉलॉजी किंवा बायोकेमिस्ट्री. सायकॉलॉजीच्या एमएवरून प्राण्यांच्या प्रयोगशाळेत शिरणं फार अवघड जातं. दुसरी वाट घ्यायची असेल तर सायकॉलॉजी चालेल, पण त्याहून बरा पर्याय म्हणजे कॉग्निटिव्ह सायन्सचा अभ्यासक्रम. गांधीनगर आयआयटीत तो आहे, अलाहाबाद विद्यापीठातही वर्तन आणि आकलनविज्ञानाचं केंद्र आहे. अजून ठरत नसेल तर विज्ञान शाखेतच राहा. जीवशास्त्राची पार्श्वभूमी असलेल्याला मानसशास्त्रीय प्रयोगांकडे वळता येतं, उलट दिशेचा प्रवास कमी लोकांना जमतो. मात्र सांख्यिकी आणि प्रोग्रॅमिंग कुठल्याही वाटेवर सुटत नाही. आर किंवा पायथन, यांपैकी एक भाषा आत्ता शिका. प्राण्यांच्या हालचाली व्हिडिओवरून मोजणारं डीपलॅबकट आणि माणसांवरचे प्रयोग संगणकावर मांडणारं सायकोपाय, दोन्ही फुकट आहेत आणि साध्या लॅपटॉपवर शिकता येतात.

परीक्षांचं थोडक्यात सांगतो. आयआयटीच्या बहुतेक एमएससींसाठी जॅम, फेब्रुवारीत. टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि एनसीबीएसच्या इंटिग्रेटेड पीएचडी आणि पीएचडीसाठी त्यांची सामाईक परीक्षा जेजीईईबिल्स, गेली काही वर्षं डिसेंबरात. अर्ज काही महिने आधीच बंद होतात, तेव्हा संकेतस्थळ बघत राहा. एमएससीनंतर सीएसआयआर नेट, वर्षातून दोनदा, आणि गेट, ज्याचे गुण तीन वर्षं चालतात. टीआयएफआरच्या पेपरला पाठांतर जवळजवळ निरुपयोगी. आकृती देऊन ‘यावरून काय सांगता येणार नाही’ असं विचारतात. त्याची तयारी म्हणजे आठवड्याला एक शोधनिबंध घेणं, निष्कर्ष झाकून फक्त आकृत्या बघणं आणि स्वतः निष्कर्ष लिहून मग ताडून पाहणं.

मुंबईत राहून जमेल का? पदवी, पदव्युत्तर आणि नशीब असेल तर पीएचडी, एवढं जमू शकतं. कुलाब्याला नेव्हीनगरच्या टीआयएफआरमध्ये जीवविज्ञान विभाग आहे, आणि तिथे विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा बालपणातला ताण, सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन आणि भावनांचे मज्जामार्ग यांवर काम करते. त्या मुंबईच्या सेंट झेवियर्सच्या विद्यार्थिनी, पीएचडी येलची. भटनागर पुरस्कार २०१५ मध्ये, इन्फोसिस पुरस्कार २०२२ मध्ये. पवईला आयआयटीतही मेंदूवर काम करणारे गट आहेत. पण एका प्रयोगशाळेत वर्षाला एखाददुसरीच जागा निघते. तुमची सगळी योजना दोन-तीन पत्त्यांवर टांगून ठेवू नका. पुण्याची आयसर, बंगळुरूला एनसीबीएस, आयआयएससी आणि निम्हान्स, हरियाणात मानेसरचं एनबीआरसी हे मेंदू संशोधन केंद्र, ही नावं पहिल्या दिवसापासून यादीत हवीत. पीएचडीनंतरची पोस्टडॉक, म्हणजे काही वर्षांची तात्पुरती संशोधनाची नोकरी, तर बाहेरगावी, बहुतेक वेळा परदेशात होते, आणि कायमची नोकरी कुठे मिळेल हे तुमच्या हातात फारसं नसतं. डोंबिवली सोडायचीच नाही अशी अट खरोखरच असेल, तर या व्यवसायात प्रयोगशाळाप्रमुख होणं जवळपास अशक्य आहे. घरी कोणी आजारी असतं, जबाबदाऱ्या असतात, अशी अट चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. पण मग ध्येयच वेगळं ठरवावं लागतं: महाविद्यालयात शिकवणं, रुग्णालयातलं संशोधन समन्वयाचं काम, औषधकंपन्यांमधलं क्लिनिकल रिसर्च किंवा आकडेवारीचं काम. मुंबईत या नोकऱ्या आहेत.

घरच्यांना काय सांगायचं? आकडेच सांगा. एमएससीची दोन वर्षं पदरचा खर्च. (चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण करणाऱ्याला यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे एमएससीशिवायही पीएचडीला जाता येतं, पण पदव्युत्तर प्रयोगशाळेचा अनुभव या विषयात फार उपयोगी पडतो.) पीएचडीला प्रवेश आणि जेआरएफ ही संशोधनाची पाठ्यवृत्ती मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,०००, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडं किंवा वसतिगृह. पीएचडी कागदावर तीन वर्षांत होऊ शकते. प्राण्यांवरच्या कामात पाच ते सहा धरा. त्यानंतर भारतात रिसर्च असोसिएटला ५८,००० ते ६७,०००. पोस्टडॉक तीन ते पाच वर्षं. मग विद्यापीठ किंवा महाविद्यालयात कायम असिस्टंट प्रोफेसर झालात तर मूळ वेतन ५७,७०० पासून, आयआयटी-आयसरमध्ये १,०१,५०० पासून, वर भत्ते. म्हणजे पाठ्यवृत्ती चोविशीच्या आसपास सुरू होते आणि कायमची नोकरी बहुधा तेहेतीस ते पस्तीसमध्ये. घरी कर्जाचा हप्ता असेल तर हा अंतराचा काळ आत्ताच मोजा. पाठ्यवृत्ती कधी कधी महिनोन् महिने अडकते आणि मग एकदम जमा होते. तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय दुसऱ्या गावी जाऊ नका. महाविद्यालयात शिकवायचं म्हणून सेट-नेट पास झालेले अनेक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर काम करताहेत, तेही घरच्यांपासून लपवू नका.

संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा. त्यातही मुलं चुकीच्या गोष्टी बघतात. पुरस्कार बघू नका, त्या प्रयोगशाळेतून गेल्या सात-आठ वर्षांत बाहेर पडलेले विद्यार्थी आज कुठे आहेत ते बघा. संकेतस्थळावर जुन्या सदस्यांची यादी असते. ती नसेल, किंवा मध्येच सोडून गेलेल्यांची नावं गायब असतील, तर तीही माहितीच आहे. विद्यार्थ्यांशी मार्गदर्शक समोर नसताना बोला आणि नेमके प्रश्न विचारा: सरासरी किती वर्षांत सुटका होते? पहिला लेखक कोण होणार हे कधी ठरतं? प्रयोग फसला तर बैठकीत काय होतं? अनुदान कधी संपतंय? तुमच्या तिसऱ्या वर्षी अनुदान संपणार असेल आणि नवं मंजूर नसेल, तर चौथ्या वर्षी किट आणि प्राणी कुठून येणार हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

आणि एक, जे या विषयाला खास लागू पडतं: ज्या गटात नकारात्मक निष्कर्ष प्रसिद्ध झालेले दिसतात तो गट पसंत करा. ताणाचे परिणाम प्राण्याच्या जातीवर, लिंगावर, वयावर, पिंजऱ्यात किती जण राहतात यावरही बदलतात. दरवेळी अपेक्षेप्रमाणेच निकाल येणाऱ्या प्रयोगशाळेचं कौतुक करण्यापेक्षा तिथे जरा जपून राहा. फक्त नरांवर काम करणारे गट अजून बरेच आहेत. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने २०१६ पासून दोन्ही लिंगांचा विचार मागितल्यावर परदेशी नियतकालिकं आणि अनुदानं याबाबत कडक झाली आहेत. तुमचा प्रबंध नुसत्या नरांवर असेल तर पोस्टडॉकच्या मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावर येईल.

पोस्टडॉक निवडताना पीएचडीत न शिकलेलं तंत्र घ्या, पण प्रश्न तोच ठेवा. फिअर कंडिशनिंग आणि पेशींची रचना येत असेल, तर जिवंत प्राण्यात चेतापेशींचे संकेत नोंदवणं शिका. तंत्र आणि प्रश्न दोन्ही बदलले की नोकरीच्या मुलाखतीत तुमची ओळख काय, हे निवडसमितीला कळत नाही. परतताना इन्स्पायर फॅकल्टी, रामलिंगस्वामी फेलोशिप, इंडिया अलायन्स, केंद्राच्या संशोधन प्रतिष्ठानाचं (एएनआरएफ) नवोदितांचं अनुदान हे मार्ग आहेत. प्रत्येकाला वयाची किंवा पीएचडीनंतरच्या वर्षांची मर्यादा असते. इन्स्पायरला सर्वसाधारण गटात ३२ वर्षं. बाहेर पोस्टडॉक लांबवत गेलेल्यांचं हे दार नकळत बंद होतं, म्हणून तारखा जाण्याआधीच लिहून ठेवा.

या वर्षात करायचं ते इतकंच. तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आणि टीआयएफआरचा व्हीएसआरपी हा विद्यार्थ्यांसाठीचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम, दोन्हींना अर्ज करा; पहिलीचे अर्ज साधारण दिवाळीच्या सुमारास, दुसऱ्याचे नव्या वर्षाच्या सुरुवातीला. टीआयएफआरची ‘चाय अँड व्हाय’ ही रविवारची व्याख्यानं जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंग्याच्या रुपारेलमध्ये होतात, फुकट असतात, आणि शास्त्रज्ञाला प्रत्यक्ष प्रश्न विचारण्याची सवय तिथे लागते.

प्रयोगशाळांना ईमेल पाठवताना ‘आदरणीय सर/मॅडम, मला न्यूरोसायन्सची आवड आहे’ या ओळीने सुरुवात करू नका. तशी पत्रं ढिगाने येतात. त्या गटाचा एक अलीकडचा निबंध पूर्ण वाचा. पहिल्या परिच्छेदात त्यातली एक आकृती आणि तिच्याबद्दल तुम्हाला पडलेला एक खरा प्रश्न, दुसऱ्यात तुम्ही काय शिकलात आणि कोणत्या तारखांना मोकळ्या किंवा मोकळे आहात. सोबत एका पानाचा बायोडेटा आणि गुणपत्रिका, पीडीएफमध्ये. एका वेळी एकाच संस्थेत दोघांना नको. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच पत्राला जोडून दोन ओळींची आठवण पाठवा, आणि तरीही आलं नाही तर पुढच्या नावाकडे वळा. पत्र सोमवारी सकाळी पाठवू नका, तेव्हा सगळ्यांच्या गटाच्या बैठका चालू असतात.